पाटीवरचा मजकूर

जूनच्या थंडीत कुरितीबात काचा धुक्याने पांढऱ्या होतात,
आणि माझ्या सलूनच्या दोन खुर्च्यांवर बसून
माणसं जेनेझियो वोलानियुकचा हिशेब मांडतात.
मी वस्तरा चालवत ऐकतो.
गळ्याशी पातं असलं की माणूस मोजकं बोलतो,
पण या विषयावर नाही.

नगरपालिका जुन्या व्यायामशाळेला त्याचं नाव देणार आहे.
पितळेची पाटी, चार ओळी.
समितीत पाच जण, त्यातला एक मी,
कारण त्याचं डोकं मी तीस वर्षं जवळून पाहिलंय.

झुलेइका बाई म्हणतात, एकवीस विजय, चार हार, एवढं लिहा;
पट्टा गेला त्या रात्रीपाशी थांबा.
बेकरीवाला ओस्नी म्हणतो, मग पुढच्या सात लढती कुठे पुरायच्या?
सातातली एक जिंकला,
तीही समोरच्याचा घोटा मुरगळला म्हणून.
"बावीस आणि दहा. आकडा म्हणजे आकडा."
शेवटच्या लढतीवर ओस्नीने पैसे लावले होते.
त्याचा राग भट्टीसारखा, रोज पहाटे पेटतो.

कुणी म्हणतं, झाकली मूठ सव्वा लाखाची होती.
उघडली कशाला?

ओसाकाची ती रात्र मी कोपऱ्यातल्या टीव्हीवर पाहिली.
तिसरा राउंड, एक डोळा सुजून मिटलेला,
आणि पाठीवर पडल्या पडल्या त्याने
नुसत्या पायांनी, दोर वळावा तसा,
त्या धिप्पाड माणसाचा गळा आवळत नेला.
माझ्या हातातल्या गिऱ्हाइकाची मिशी अर्धीच राहिली.
तो तसाच नाचत घरी गेला.

शेवटची लढतही पाहिली,
लोंड्रिनाजवळ, गुरांच्या बाजाराच्या मांडवात.
समोर तेवीस वर्षांचा पोरगा,
लहानपणी उशाशी याचंच चित्र चिकटवून झोपलेला.
गुडघा लागला. जेनेझियो बसला.
पडला नाही, बसला,
बस चुकलेला माणूस फुटपाथवर बसतो तसा.
पोराने पुढचा ठोसा उगारला
आणि पंच मध्ये यायच्या आधीच
हात खाली घेतला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ओस्नी?

शनिवारी तो येतो.
कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, मशीन तिथे जपून वळवावं लागतं.
उजव्या कानामागे टाक्यांची रांग, वर कवटीत एक खळगा,
माझा अंगठा बरोबर बसेल एवढा.
विचारतो, "तुझी मुलगी काय शिकते रे?"
दातांची डॉक्टर होतेय, मी सांगतो.
आरशातला तो खुशीत मान हलवतो.
मानेवर पावडर पडेपर्यंत पुन्हा,
"तुझी मुलगी काय शिकते रे?"
मी पुन्हा सांगतो, तेवढ्याच कौतुकाने.

मग मूठ उघडतो. चुरगळलेल्या नोटा.
पैसे देतो, दाराशी जातो, कोटाचं बटण लावतो,
वळतो,
आणि पुन्हा मूठ उघडतो.
जादाचे पैसे मी केस झटकायच्या निमित्ताने
ब्रश फिरवत त्याच्याच खिशात सरकवतो.
गेल्या शनिवारी त्याने माझं मनगट धरलं.
काय पकड ती! बोटं बधिर झाली.
ओसाकातल्या त्या माणसाला काय कळलं असेल
ते क्षणभर मला कळलं.
मग चेहरा ओळखून सोडलं. "माफ कर, आदेमार."

तेव्हाच विचारून घेतलं, पाटीवर काय लिहू?
त्याने बराच वेळ घेतला. बाहेर एक बस येऊन गेली.
म्हणाला, "वेळ लिहा. सकाळी सहा ते दहा.
पोरं दार बंद बघून परत जातात."

व्यायामशाळेला कुलूप लागून नऊ वर्षं झाली.
किल्ली नगरपालिकेच्या कुठल्याशा कपाटात आहे.
तो शहाणपणाचं बोलला की विसरून बोलला,
ते मला विचारू नका, मी न्हावी माणूस.

उद्या बैठक. ओस्नी वही आणेल, झुलेइका बाई फोटो.
मी कागदावर तेवढी एकच ओळ लिहून नेतोय.
ओस्नी हसेल. हसू दे.
सहाला दार उघडायला कोण येणार,
तेवढं आधी ठरवू.